गोकुळदासचा वाघ

आमोण्याच्या गोकुळदासने वाघाच्या गुहेत रात्र काढली होती, हे त्याच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घाटातली काळोखी गुहा, आत हा, आणि तोंडाशी पाय पसरून झोपलेला पट्टेरी वाघ. पहाटे वाघाने जांभई दिली, याच्याकडे एकदा बघितलं आणि उठून वाट करून दिली. गोष्ट वीस-बावीस वर्षं चालली होती, आणि दर चतुर्थीला वाघ वीतभर वाढत होता.

खरं म्हणजे गोकुळदास त्या डोंगरावर कधी चढलाच नव्हता. डिचोलीच्या खाणीवर तो वजनकाट्यावर होता आणि घाटातल्या एका वाडीतला बाबुराव तिथे ट्रक चालवायचा. वाघ बाबुरावचा. जेवणाच्या सुटीत त्यानेच तो सांगितला, आपल्यावर गुदरलेला म्हणून. पुढे बाबुराव काम सोडून आपल्या वाडीत गेला, वाघ मात्र खालीच राहिला. बेवारशी दिसला म्हणून गोकुळदासने तो घरी नेला.

घरी पहिली ऐकणारी त्याची लेक सेजल, तेव्हा पाच वर्षांची. 'म्हज्या बाबाक वाघ भियेलो' असं शाळाभर सांगत फिरणारी ती पोर रानाला कधी भ्यालीच नाही. मोठी झाल्यावर हरमलच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पाहुण्यांना डोंगर दाखवायचं काम तिने धरलं. यंदा तिने जाहिरातच केली, 'वाघाच्या गुहेतली रात्र, जो राहिला त्याच्याच तोंडून.' गोकुळदास अडकला. नाही म्हणावं तर लेकीच्या नजरेतून उतरायचं, हो म्हणावं तर डोंगर चढायचा. त्याला डोंगर सोपा वाटला.

तो सोपा नव्हता. पुण्याचे आठ पाहुणे तुरुतुरु पुढे आणि गोकुळदास धापा टाकत मागे.

"काका, वाघ कुठून आला होता?" कुणीतरी विचारी. बसायला बरा दगड दिसला की गोकुळदास तिथे टेके आणि काठीने दाखवी, "हांगच्यान." दहा वाजेपर्यंत वाघ चार दिशांनी येऊन गेला होता. सेजल कौतुकाने बघत होती, आणि ते कौतुकच त्याला चढणीपेक्षा जड जात होतं.

वरच्या वाडीत सेजलने जेवण सांगून ठेवलं होतं. कुणाकडे, हे विचारायचं गोकुळदासला सुचलं नव्हतं. ओसरीवर पाय ठेवला आणि समोर भिंतीवर बाबुराव. फोटोला हार. चोरीचा माल घेऊन धन्याच्याच दारात आल्यासारखं त्याला झालं.

भाकऱ्या झाल्या. सेजल म्हणाली, "बाबा, आतां सांग."

बाबुरावची बायको रुक्मिणी दाराशी येऊन बसली. गोकुळदासने फोटोकडे बघितलं आणि मनाशी ठरवलं, आज ज्याचा वाघ त्याला परत करायचा.

"ही गोष्ट," तो म्हणाला, "खरी म्हणजे माझी नाही..."

"आमोण्याचे गोकुळदास तुमीच मां?" रुक्मिणीने मध्येच विचारलं. "वाघाचे? भावोजी, तुमका कितकी वर्सां एक इचारूचां होतां." तिने अंगणापलीकडच्या कातळाकडे बोट केलं. "ती बघा तुमची गुहा."

सगळ्यांनी बघितलं. कातळात एक भोक होतं. त्यात एक कोंबडी बसली होती, आणि तिलाही जागा अपुरी पडत होती.

"हे सांगत, गोकुळदास रातभर थंय होतो. मी म्हणी, अवो, थंय माणूस मावता? तर माझ्यार रागावत. गोकुळदास खोटां बोलाचो नाय म्हणत. मरासर तसांच म्हणत रवले." तिने पदराने फोटोची काच पुसली. "साधो माणूस. जल्मात कधी खोटां बोलाक नाय, म्हणान दुसऱ्याचांय खरां मानी."

गोकुळदासच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लेकाचा बाबुराव! खाणीवर वाघ स्वतःचा आणि घरी गोकुळदासचा. बायको रोज भोक बघणारी, तिथे दुसरं काय चालणार?

एक वाक्य बोललं की तो मोकळा होणार होता. पाहुणे भोकाकडे बघत होते, मग त्याच्या पोटाकडे. सेजल फक्त त्याच्याकडे बघत होती. रुक्मिणीचा हात अजून काचेवर होता.

"होय वहिनी," गोकुळदास म्हणाला. "थाप माझीच. बाबुराव साधा माणूस."

पाहुणे पोट धरधरून हसले. रुक्मिणीही हसली, आणि तिने त्याला आग्रह करून आणखी एक भाकरी वाढली. ती त्याने फोटोकडे न बघता संपवली. सेजल उठून हात धुवायला गेली.

उतरताना ती तासभर पुढेच राहिली, मागे वळून बघितलं नाही. गोकुळदासला रडू यायचं तेवढं बाकी होतं. निसरड्या उतारावर मात्र ती थांबली आणि हात पुढे केला.

"बाबा, सुरवातीक तूं वेगळेंच कितें तरी सांगपाक गेल्लो."

"ना."

"गेल्लो. ती गजाल तुजी न्हय, अशें म्हणूंक लागिल्लो. मागीर तिणें फोटो पुसलो." तिने त्याचा हात घट्ट धरला. "फुडल्या आयताराक यो. तें सांग. तो वाघ ल्हान आसत, पूण खरो."

"तें सांगपाचें न्हय," गोकुळदास म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे स्वतःची गोष्ट होती. तो हात न सोडता खाली बघून उतरत राहिला.