आभाळाची वाटणी

आपल्याच तोफेचा गोळा आपल्याच विमानावर आदळू नये, म्हणून सैन्यात आभाळाची वाटणी करायला एक माणूस बसवतात. या सरावात त्या खुर्चीवर ताई होती. तोफवाल्यांनी आणि वैमानिकांनी आपसात बोलायचं नाही, जे काही असेल ते तिच्यामार्फत. ताईला हे काम कुणी शिकवावंच लागलं नाही. तोफांचे प्रमुख तिचे बाबा आणि विमानात तिचा धाकटा भाऊ. पोरगा तोफखान्याला नाक मुरडून विमानात गेला, तेव्हापासून घरातही सगळं तिच्यामार्फतच चालायचं. "त्याला सांग, मीठ सरकव." "त्यांना सांग, हात पुरतोय त्यांचा." मीठ दोघांच्या मधोमध आणि निरोप्या ताई!

सराव पडद्यावरचा होता. बाबा पलीकडच्या खोलीत, धाकटा दूर तळावर खोट्या विमानात, आणि दोघांचेही आवाज तारेवरून ताईच्या कानात. सराव संपला की बाबा निवृत्त होणार होते. संध्याकाळी घरी जेवण होतं. धाकट्याने "बघू" म्हणून ते टोलवलं होतं, आणि बाबांनी त्याला विचारलंच नव्हतं. ताईचा जीव त्या एका रिकाम्या ताटात अडकला होता.

तेवढ्यात टेकडीवरची तुकडी वेढली गेली आणि तिने विमान मागितलं.

"त्याला सांग, माझे गोळे चालू आहेत. लटकत राहा म्हणावं," बाबा गरजले.

"त्यांना सांग, लटकायला मी काय वटवाघूळ आहे?"

ताई काही बोलणार, तोच सरावाचे पंच आत आले आणि तिच्या गळ्यात लाल पाटी अडकवून म्हणाले, "या खोलीवर क्षेपणास्त्र पडलं. तुम्ही मेलात. आता त्यांचं त्यांनी बघायचं."

"अहो, पण ते दोघं—"

"मेलेली माणसं 'अहो' म्हणत नाहीत."

ताई ओठ आवळून बसली. कान मात्र जिवंत होते. तारेवर दोन्हीकडून मिठाची गुळणी.

"अरे, कुणीतरी बोला रे!" टेकडी ओरडली.

बाबा खाकरले. "विमान... कुठून येतोयस?"

"नदीकडून." जरा थांबून, "बाबा."

"तिथूनच माझे गोळे जातायत, गाढवा."

"दुसरी वाट नाही. इंधनही संपत आलंय."

बाबांनी आजवर कुठल्याही विमानासाठी तोफा थांबवल्या नव्हत्या, आणि हे ते चारचौघांत मिरवायचे.

"तोफा बंद," बाबा म्हणाले. "ये. सांभाळून ये."

टेकडी वाचली. पंचांनी काहीतरी टिपून घेतलं. तार मात्र कुणीच बंद केली नाही.

"बाबा, संध्याकाळी जेवायला काय आहे?"

"आईला विचार."

"म्हणजे येऊ?"

"मीठ सरकवायला कुणीतरी हवंच की."

ताईचे डोळे भरून आले. पंच तिच्या गळ्यातली पाटी काढायला वाकले. "चला, नवी खोली उभी राहिली. झालात जिवंत."

ताईने पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"थांबा हो," ती कुजबुजली. "अजून थोडा वेळ मेलेलीच राहू द्या मला."