खोली क्रमांक आवश्यक आहे

मेघनाने फॉर्ममध्ये एक खोटं नाव टाकलं, खोटा मोबाइल नंबर टाकला, खोली क्रमांक बेचाळीस लिहिला आणि ‘पाठवा’ दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी उमटली. आपली नोंदणी झाली आहे. तिने ती नोंद पुसली, दुसरं खोटं नाव टाकलं. पुन्हा हिरवी पट्टी. फॉर्म ठणठणीत होता, आणि नेमकं तेच तिला पटत नव्हतं.

खिडकीबाहेर लालबागची दुपार पेंगत होती. सोळाव्या मजल्यावरून शिवडीची खाडी दिसते, पण या वेळेला पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं ते सांगता येत नाही, सगळं एकाच फिकट रंगात विरघळलेलं असतं. तिची आई, रखमा, खिडकीशी खुर्ची ओढून डोळे मिटून बसली होती. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारीला डुलकी लागली आहे.

“आज कोण इलो काय गो?” डोळे न उघडताच तिने विचारलं.

“तिघं आले. सोळा नंबरच्या प्रितीकडचे.”

“ते नाय. माझे.”

‘माझे’ म्हणजे खानावळीचे. आज टॉवर उभा आहे तिथे पूर्वी हरबाची चाळ होती, आणि तिच्यातल्या बावीस नंबरच्या खोलीत रखमा गिरणीतल्या माणसांना जेवू घालायची. बायकामुलं गावी ठेवून कोकणातून एकटी आलेली माणसं. दोन वेळचं ताट रखमाकडे, आणि पाठ टेकायची ती जागा मिळेल तिथे. रातपाळीचे लोक दिवसा खोलीत झोपत, दिवसपाळीचे रात्री गॅलरीत नाहीतर जिन्यात. अंथरूण तेच, माणूस बदलायचा. पुढे संप झाला, गिरण्या बंद पडल्या, माणसं पांगली. मेघनाचे वडील गेले, मग चाळही पडली. ज्यांच्या नावावर खोल्या होत्या त्यांना टॉवरमध्ये घरं मिळाली.

यंदा चाळ असती तर शंभर वर्षांची झाली असती. गेलेल्या माणसांच्या जयंत्या होतात, मग गेलेल्या चाळीची शंभरी का नको, असं सोसायटीने ठरवलं. हौसेला मोल नसतं. जुन्या सगळ्या लोकांना जेवायला बोलवायचं, त्यासाठी नोंदणीचा फॉर्म करायचा, आणि तो मेघनाने करायचा. ती एका कंपनीत लोकांचे फॉर्मच तपासायची. बँकेचे, विम्याचे, शाळाप्रवेशाचे. कुठला रकाना कुठे अडतो ते शोधून काढायचं, हीच तिची नोकरी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्याचाच पगार मिळत असल्यामुळे आपल्या डोळ्यात मुसळ असेल असं काही तिच्या मनात आलं नाही.

नोंदणी रविवारी बंद होणार होती. चाळीतली अर्धीअधिक घरं येऊन गेली होती. खानावळीतला एकही माणूस आला नव्हता. पहिले काही दिवस रखमाने समजून घेतलं. म्हातारी झाली असतील, कोणाला फोन कळत नसेल. मग ती गप्प राहू लागली. समारंभासाठी इस्त्री करून दाराला टांगलेलं लुगडं तिने आज सकाळी घडी घालून परत कपाटात ठेवलं.

“तू जा,” ती म्हणाली होती. “माका काय करूचा हा थंय? ताट उचललां की खानावळवालीक कोण इचारता?”

हे तिने अगदी साधेपणाने म्हटलं. एकेका माणसाला भाकरी आवडते की भात, कोणाला सोलकढी चालत नाही, हे तिला अजून पाठ होतं. आणि त्यांच्यातल्या एकालाही यावंसं वाटू नये?

म्हणून मेघना फॉर्मच्या मागे लागली होती. फॉर्मची एक लबाडी तिला धंद्यामुळे ठाऊक होती. जे पोचतात त्यांचीच नोंद राहते. जे दारात अडतात त्यांचा मागमूस उरत नाही. तिने पान किती जणांनी उघडलं ते काढून बघितलं. उघडणारे पुष्कळ होते. भरून पाठवणारे निम्मेच. म्हणजे माणसं येत होती आणि उंबऱ्यावरून परत जात होती.

आधी तिला वाटलं, आकडे मराठीत टाकत असतील. तसंच होतं. मोबाइल नंबर देवनागरीत लिहिला की फॉर्म तो ओळखत नव्हता. तिने ते दुरुस्त केलं आणि तासाभरात चार-पाच नावं येऊन पडली. सगळी खोल्यांवाली. सोसायटीचे सेक्रेटरी हितेंद्रकाका खूश झाले, त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलं पाठवली. बावीस नंबरचं कोणी आलं नव्हतं ते नव्हतंच.

दुपार आणखी जड झाली. पंख्याचा आवाज लांबून येतोय असं वाटू लागलं. तेवढ्यात फोन वाजला. फॉर्मखाली मदतीसाठी मेघनाचाच नंबर होता. पलीकडचा आवाज वयस्कर होता आणि संकोचलेला. त्याने आपलं नाव दौलत सांगितलं. अँटॉप हिलला मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो म्हणाला.

“ताई, तो फॉर्म काय जायना. ‘पाठवा’ दाबतो, पण कायच होत नाही. पोरं म्हणतात, नेट स्लो आहे.”

मेघनाने त्याला पान बोटाने वर सरकवायला सांगितलं, अगदी वरपर्यंत. सांगता सांगताच तिच्या लक्षात आलं. ती सगळी तपासणी कॉम्प्युटरवर करत आली होती. तिथे पान एका नजरेत मावतं. फोनवर बटण तळाशी राहतं आणि चूक सांगणारी ओळ वर कुठेतरी, कोणाला न दिसता उभी असते.

“हां, आहे,” दौलत म्हणाला. “लाल अक्षरात. खोली क्रमांक आवश्यक आहे.”

“मग तो भरा ना, काका.”

“आमचा नंबर कुठला, ताई? आम्ही खानावळवाले. रिकामाच सोडला होता. हा बघा, आता शून्य टाकला, तर म्हणतो एक ते ऐंशी.”

“जेवायचात ती खोली टाका. बावीस.”

हे आपण कसं बोलून गेलो ते मेघनाला कळलं नाही. पलीकडे मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

“ती रखमावहिनींची खोली,” दौलत हळू म्हणाला. “त्यांच्या खोलीवर आपलं नाव कसं घालायचं? इतके बाप्ये त्या दारात जेवले, झोपले, पण चाळीत कुणी वहिनींकडे बोट दाखवलं नाही. ते आम्ही राखलं ना. आता म्हातारपणी मी लिहू, दौलत, खोली बावीस?”

तो पुढे सांगत राहिला. कफ परेडला मच्छीमार नगरात त्यांच्यातला एक जण आहे, दोघं गावी आहेत, एक शिवडीला मुलीकडे. सगळ्यांचं गाडं असंच अडलंय. एकमेकांना फोन करून झाले. बावीस टाकायला त्यांच्यातलाही कोणी धजणार नाही. आणि मग, ज्यासाठी फोन केला होता ते त्याने शेवटी विचारलं. वहिनी आहेत ना? येणार आहेत ना त्या?

मेघनाने उठून फोन आईच्या कानाला लावला. रखमाने आधी फक्त ऐकलं. मग डोळे उघडून ती खाडीकडे बघत राहिली, आणि तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते इतकंच, “जेवलंस?”

पलीकडून काय उत्तर आलं ते मेघनाला ऐकू आलं नाही. आई मात्र हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

हितेंद्रकाकांना मेघनाने फोन करून सांगितलं, की खोली क्रमांकाची अट काढते. त्यांनी ती अट मुद्दाम घातली होती. फुकटच्या जेवणावर बाहेरचे लोक येतात, हा बँकेतल्या नोकरीने दिलेला संशय. ते म्हणाले, खोली नसलेला माणूस चाळीतला कसा? आपण चाळकरी बोलावतोय, बाहेरचे नव्हेत.

“काका, ते बाहेरच झोपायचे,” मेघना म्हणाली. “गॅलरीत. तुम्ही शाळेला जाताना त्यांना ओलांडून जायचात.”

काकांनी घसा साफ केला. मग म्हणाले, कर तुला योग्य वाटेल तसं.

तिने लाल ओळ खाली आणली, चूक असेल त्या रकान्याच्या अगदी शेजारी. खोली क्रमांक पुसून टाकला आणि त्या जागी लिहिलं, चाळीत तुमची झोपायची जागा कोणती? उत्तर अंकात द्या, अक्षरात द्या, काहीही चालेल. फक्त रिकामं ठेवायचं नाही. जागा नसलेला माणूस कसा असेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नावं येऊ लागली. मेघना एकेक मोठ्याने वाचत होती. तिसऱ्या मजल्याच्या जिन्याचं वळण. गॅलरी, नळाच्या बाजूला. पाऊस आला की आत. दिवसा खोलीत, दाराकडे पाय करून. गच्चीवर, उन्हाळ्यात, थंडीत दौलतच्या घोंगडीत. रखमा प्रत्येक जागा ऐकून मान हलवायची, कधी दुरुस्ती करायची. तो नळाकडे नाय, नळाकडे दुसरो. त्याका वारो लागायचो.

मेघनाला तिच्या लहानपणच्या दुपारी आठवल्या. दिवसा अंधारलेली खोली, दाराला लावलेला पडदा, रांगेने झोपलेली माणसं, त्यांच्या केसांत कापसाचे पांढरे तंतू. हळू बोल, पाय वाजवू नकोस. ती आवाज न करता खेळायला शिकली होती. आता वाचताना तिला वाटलं, खिडकीबाहेरच्या त्या फिकट उजेडात चाळ पुन्हा मजल्यामजल्याने उभी राहते आहे, आणि तिच्या कोपऱ्याकोपऱ्यात कोणी ना कोणी कुशीवर वळून गाढ झोपलेलं आहे. खाली गिरणीचा भोंगा व्हायचा आहे. अजून अवकाश आहे.

सगळे आले. दौलत सगळ्यांत शेवटी आला, दुसऱ्यांची नोंद झाल्याची खात्री करून. रखमाने लुगडं पुन्हा दाराला टांगायला सांगितलं.

“आता तुझं भरते,” मेघना म्हणाली. नाव भरलं, गाव भरलं, मोबाइल नंबर स्वतःचा दिला. “आणि तू कुठे झोपायचीस गं?”

“मी?” रखमाने हात वर केला, जागा दाखवावी तसा. “तुझो बापूस खाटेर. तू त्याच्या कुशीत. भिंतीकडे तांदळाची गोण. दारात रातपाळीवाल्यांच्या ट्रंका.” हात हवेत फिरत फिरत मोरीपर्यंत गेला, चुलीपर्यंत आला आणि थांबला. तिने आठवायचा खरोखर प्रयत्न केला. कपाळाला आठी पडली.

“नाय गो आठवत,” ती म्हणाली. “सगळ्यांक उठवूचा काम माझा ना.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. थोडी ऐटच होती. मेघना मात्र लॅपटॉपवर हात ठेवून बसून राहिली. आई आडवी झालेली, डोळे मिटलेली, अशी एक तरी आठवण असेल म्हणून तिने शोधली. चुलीपुढची पाठ सापडली, भाकरी थापणारे हात सापडले, पाळीच्या वेळेला एकेकाच्या कानाशी वाकून मारलेली दबकी हाक सापडली. झोपलेली आई काही सापडली नाही. तिला रडू येत होतं आणि कोणावर रागवावं ते कळत नव्हतं.

तिने तो रकाना तसाच सोडून ‘पाठवा’ दाबलं. लाल ओळ आली, अगदी योग्य जागी. ही माहिती आवश्यक आहे. मेघनाने फॉर्म पुन्हा दुरुस्तीला उघडला, ती अट काढून टाकली आणि बटण दाबलं. या वेळी हिरवी पट्टी आली.

झालं, हे सांगायला ती वळली. रखमाची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती. तोंड किंचित उघडं होतं, हात मांडीवर सैल पडलेले, श्वास लांब आणि संथ. ती खरोखर झोपली होती. खालच्या रस्त्यावर ढोलपथकाची तालीम सुरू झाली तेव्हा मेघनाने उठून खिडकी लोटून घेतली. फोनचा आवाज बंद केला. चहाची वेळ झाली आणि टळूनही गेली, पण तिने आईला हाक मारली नाही.