देवी घरात असेपर्यंत

नर्मदेच्या जिभेला हाड नाही, असं सगळी वाडी म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. डोक्यावरून मासळीची पाटी नेऊन कट्ट्याच्या बाजारात बसणाऱ्या बाईचं गोड बोलून भागत नाही, हे कबूल. पण बाजारातली जीभ घरी आल्यावर पाटीबरोबर खाली ठेवावी, हे नर्मदेला कधी सुचलं नाही. तिची पावलं वाजली की पोरं आपण होऊन भांडी घासायला बसत. हिरा नऊ वर्षांची, बाळा सहाचा. नवरा सत्यवान मुंबईला जाणाऱ्या मचव्यावर. गेला की पावसाच्या तोंडावर परतायचा.

या जिभेला पुरून उरणारी एकच बाई वाडीत होती आणि ती भिंतीपलीकडेच राहायची. आनंदी, नर्मदेची थोरली जाऊ. भावांनी घर वाटून घेतलं तेव्हा अंगणात चिऱ्यांची कमरेएवढी भिंत आली आणि सुरंगीचं झाड आनंदीच्या वाट्याला गेलं. झाडाला मात्र वाटणी कळेना. त्याच्या फांद्या नर्मदेच्या कौलांवर आल्या, फुलं तिच्या अंगणात पडायला लागली. आनंदी ती वेचायला पोरीला पाठवी, तर पोर यायच्या आत नर्मदा फुलांवर शेण सारवून मोकळी होई. तेव्हापासून जावा-जावांत अबोला होता. अबोला म्हणजे भांडण बंद, असं कोणी समजू नये. आनंदी आपल्या कोंबडीशी बोले, नर्मदा आपल्या मांजरीशी, आणि कोंबडीच्या नावाने मांजरीच्या सात पिढ्यांचा उद्धार होई.

शिमगा आला. शिमग्यात शिव्या द्यायला देवाचीच मुभा. दोघी त्यासाठी वर्षभर साठवण करीत. नेमकं तेव्हाच हिराच्या पाठीवर फोड उठले आणि दुसऱ्या दिवशी बाळाचं सगळं अंग फुललं.

वाडीतली जाणती राधाबाई उंबऱ्याबाहेरूनच बघून म्हणाली, "देवी इली. आता घरात मासो नको, फोडणी नको. आणि नर्मद, तुका मुद्दाम सांगतंय, तोंडातसून वायट शब्द नको. आवशीच्या जिभेचो राग देवी पोरांच्या डोळ्यांवर काढता."

दवाखान्यातले त्याला कांजिण्या म्हणोत, नर्मदेच्या लेखी ती देवीच. तिच्या माहेरी धाकट्या भावाचा एक डोळा असाच गेला होता आणि तिची आई मरेपर्यंत त्याचा दोष आपल्या तोंडाला लावत राहिली होती. नर्मदेने दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला, पाटी उपडी घातली आणि तोंडाला कुलूप लावलं.

पोराच्या अंगात देवी, म्हणजे पोराशी बोलणं हे देवीशीच बोलणं. नर्मदा दातओठ खाऊन गोड बोलायला लागली. "बाये, पाणी दिव तुका?" असं ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा बाळाने मागे वळून बघितलं. आई कोणाशी बोलते आहे, ते त्याला कळेना.

मग त्याला सवय झाली. नर्मदेलाही झाली, पण ते ती मान्य करायची नाही. एरवी उजाडायच्या आत ती घराबाहेर पडलेली असे. आपल्या मागच्या पडवीत सकाळचं ऊन कुठून येतं, हे तिने लग्न झाल्यापासून धड बघितलं नव्हतं. केळीच्या पानांवर पोरांना निजवून ती कडुनिंबाच्या डहाळीने त्यांच्या अंगावरून वारा घाली. समोरचा आंबा मोहराने वाकला होता. वारा आला की पडवीत बारीक मोहर झडे आणि पोरांच्या केसांत अडके. कोकीळ ओरडला की बाळा त्याला चिडवी. तो आणखी चढ्या आवाजात ओरडे, मग बाळा आणखी. एरवी एका धपाट्यात दोघांचाही आवाज बंद झाला असता. आता नर्मदा बसून ऐके. एकदा तर तिनेही कुहू केलं आणि पोरं इतकी हसली की हिराला ठसका लागला.

हिराच्या पुस्तकात वसंत ऋतूचा धडा होता. "आये, वसंत म्हंजे काय गो?" तिने विचारलं.

"माका काय ठावक?" नर्मदा म्हणाली. मग जरा विचार करून, "ह्योच असात."

अंगणात पडलेली सुरंगी तिने वेचली, देवीच्या पाटापुढे ठेवली आणि उरलेल्यांचा वळेसर ओवून हिराच्या मनगटाला गुंडाळला. ते भिंतीपलीकडून दिसलं आणि आनंदीला आयती संधी मिळाली.

"काय गो काबरे," ती कोंबडीला म्हणाली, "शेजारची माजर हल्ली गप कशी? मूग गिळल्यान काय? आणि चोरलेल्या फुलांनी देवी पावता काय गो खंय?"

नर्मदेने पदर तोंडात कोंबला. आनंदीला देवीचा नियम ठाऊक होता, म्हणूनच तिला चेव चढला होता. समोरच्याचे हात बांधलेले असताना मारायला कोणाला आवडत नाही? रोज सकाळी ती कोंबड्यांना दाणे टाकायला भिंतीशी येई आणि दाण्यांपेक्षा टोमणेच जास्त टाकी. नर्मदेच्या माहेरावर झालं, सत्यवानाच्या मुंबईतल्या मुक्कामावर झालं, तिच्या काळ्या वर्णावर झालं. नर्मदा एकेक शब्द मासळीसारखा खारवून मनात ठेवत होती. देवी एकदा घराबाहेर पडू दे, मग या बयेला बघते. रात्री पोरांच्या अंगावरून हात फिरवताना तिचे ओठ हलत. पोरांना वाटे, आई देवीचं नाव घेते आहे.

खपल्या पडल्या. दोघांचे डोळे स्वच्छ राहिले. राधाबाई येऊन बघून गेली. "उद्या न्हाण घाल, दहीभाताचो निवद दाखव. देवी जातली."

"खंय जातली?" बाळाने विचारलं.

"आपल्या घराक."

"मगे?"

"मगे काय? सगळा पयल्यासारखा," राधाबाई म्हणाली.

बाळा परसात काजूच्या झाडाकडे निघून गेला. नर्मदेचं तिकडे लक्ष नव्हतं. उद्या आनंदीला पहिला शब्द कोणता द्यायचा, ते तिचं ठरत नव्हतं.

सकाळी चुलीवर कडुनिंबाचा पाला घालून पाणी चढवलं. पाणी हिरवं झालं, वाफ यायला लागली. "बाळाचे कपडे काढ," तिने हिराला सांगितलं आणि अंगणात घंगाळ मांडलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून आलंच.

"काबरे, आज न्हाण म्हणे. देवी कंटाळान चल्ली गो. असल्या घरात कोण रवात?"

नर्मदेने पाण्याकडे बघितलं. न्हाण झाल्यातच जमा होतं. तिने पदर खोचला आणि भिंतीशी गेली.

"गो भवाने!" ती थेट आनंदीकडे बघून म्हणाली. मांजर नाही की कोंबडी नाही. "झाड वाटणीत घेतलंस, लाज खंय टाकलंस? आज फुलां मोजतंस, उद्या वारो मोजतलंस. घोवाक रातीचा जेवण घालूक होयना, आणि दुसऱ्याच्या घोवाची चौकशी करतंस? तुझ्या जिभेक किडे पडांदेत…"

समोरच्या विहिरीवरच्या बायकांनी कळशा खाली ठेवल्या. खारवलेलं सगळं एकामागून एक बाहेर येत होतं. इतकं बरं नर्मदेला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

"आये," हिरा पडवीतून म्हणाली. "बाळाच्या हातार परत फोड इलेत."

नर्मदा शिवी अर्धी टाकून वळली. बाळा उघडा उभा होता. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पाण्याने भरलेले नवे फोड होते. काल तिथे काही नव्हतं. अंगावर अजून पाणी पडलं नव्हतं, म्हणजे देवी अजून घरात होती, आणि नर्मदेने तोंड सोडलं होतं. तिला एवढाही दम धरवला नव्हता.

ती पोरासमोर जमिनीवर आडवी झाली. दोन्ही कान धरले, गालांवर थपडा मारून घेतल्या. "बाये, चुकलंय मी. माझी जीभ काप. झिलाचे डोळे घेव नको गे बाये, डोळे घेव नको."

भिंतीवर आनंदीचंही तोंड उतरलं. तिच्या घरात तीन पोरं होती आणि देवीला भिंत अडवत नाही.

बाळा रडायला लागला. "आये, मारून घेव नको गो."

त्याचे डोळे बघायला नर्मदेने त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या हाताचा वास तिला आला. तिने हात उजेडात धरला. फोड एका रांगेत होते, बोटाने टिंबं द्यावीत तसे. कडा काळ्या पडलेल्या. उजव्या हाताचं बोटही काळं होतं, त्याची साल निघायला लागली होती. या मुलखातल्या कोणाही पोराला हे ओळखता आलं असतं.

"ह्यो काजीचो चीक, कातडी भाजणारो," ती म्हणाली. "कोणी लावल्यान?"

"मीच."

"कित्याक?"

बाळाने नाक पुसलं. "देवी जाव नये म्हणान. देवी आसली की तू बाये म्हणतंस. ती गेली की परत पयल्यासारखी होतलंस."

अंगणात सगळ्यांनी ते ऐकलं. आनंदीच्या मनातली देवीची भीती आधी गेली, मग तोंडावर रंग आला. ती भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून हसली. आणि अबोला धरल्यापासून पहिल्यांदाच जावेचं नाव घेऊन बोलली.

"आयकलंस मा गो, नर्मद? तुझ्या पोरांका आवस नको, देवी व्हयी."

उत्तर नर्मदेच्या जिभेवर आलं होतं. असं उत्तर, की आनंदीला चार दिवस अन्न गेलं नसतं. विहिरीवरच्या बायका त्याचीच वाट बघत होत्या.

नर्मदा उठली, घरातून खोबरेल घेऊन आली आणि पडवीच्या पायरीवर बसून बाळाचा हात मांडीवर घेतला. हात भाजत होता, तेल लागलं की तो कळवळत होता. पण तेल लावून होईपर्यंत त्याने हाताकडे एकदाही बघितलं नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.