उन्हात काढलेली हवा

या मित्रांनो, असे निंबाखाली माझ्याजवळ टेका. वैशाखातल्या एका दुपारची गोष्ट सांगतो. 

मी एक जुना टायर आहे. जाड कडांचा, खोल नक्षीचा, डांबरावर आणि काळ्या मातीच्या चिखलातही चालणारा. पुलगावच्या किशोरभाऊंच्या मोठ्या गाडीला मी मागे, डाव्या बाजूला होतो. त्यांच्या पत्नी मीराताई कीर्तनकार. गावोगावच्या सप्ताहांना मी त्यांना पोचवले. त्यांनी अभंग धरला की मंडपाबाहेर उभ्या उभ्या मीही डोलायचो. देवाने मला हीच सेवा नेमून दिली, असे मी मानायचो.

त्या दिवशी गिरडकडच्या एका गावी कीर्तन होते. सकाळी किशोरभाऊंनी गाडीच्या दाराला चिकटवलेल्या कंपनीच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे चारही चाकांत पस्तीस पौंड हवा भरली. सात माणसे, पेटी, मृदंग. माझ्या नेमक्या वरच्या सीटवर त्यांची चार वर्षांची ईरा झोपलेली. दुपारी वाटेत थांबलो, तेव्हा पेटीवाल्या नानांनी मला हात लावला.

“किशोर, हात भाजून राह्यला ना बापा. उन्हानं हवा फुगली. काढ थोडी, नाई तं फुटन.”

किशोरभाऊंनी हवेचे मीटर लावले, तर काटा चाळीसवर होता. चालून तापलेल्या टायरात तेवढी चढतेच. पण नानांचा शब्द मोडवेना, म्हणून किशोरभाऊंनी चारही चाके पंचविसावर आणली.

मित्रांनो, मी भ्यालो. हवा कमी झाली की आमच्या कडा फेऱ्याफेऱ्याला दुमडतात आणि ताप आणखी वाढतो. माझ्या कडा जाड, त्यामुळे बाहेरून कोणाला काही दिसेना. आत मात्र मी चिरत चाललो होतो. गाडी वेगात होती. वर ते लेकरू, खाली तापलेली सडक. विठ्ठलाचे नाव घेण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हते.

तेवढ्यात ईराला तहान लागली. समुद्रपूरच्या अलीकडे एका पंक्चरच्या दुकानापाशी गाडी थांबली. दुकान पौर्णिमाताईंचे. पाणी देता देता त्या थबकल्या.

“रबर जळल्यावानी वास येऊन राह्यला.” त्यांनी मला चाचपले, मीटर लावून चारही चाके पाहिली; सगळीकडे हवा सारखीच कमी. “कडाच जास्त तापल्या. हवा काऊन काढली, भाऊ?”

“उन्हाळा हाय पोरी,” नाना म्हणाले. “लय उन्हाळे पाह्यले म्या.”

“पाह्यले असतीन, नाना. पण तुमच्या पेटीच्या भात्यात हवा नसली तं सूर निघते का? मंग यानं सात माणसं कशी उचलावी?”

त्यांनी मला काढले. आतल्या कडेला बोटभर चीर निघाली.

“आणखी दहा किलोमीटर गेले असते तं...” ईराकडे पाहून त्यांनी बोलणे तिथेच सोडले. मीराताईंनी लेकीला उराशी धरले.

“कीर्तन थांबन,” त्या म्हणाल्या. “गाडी थंडी होऊ द्या.”

माझ्या जागी स्टेपनी लागली. तासाभराने सावलीत निवलेल्या चाकांत पुन्हा पस्तीस हवा भरली. निघताना नानांनी माझ्यावर हात ठेवला. “चुकलं बापा माह्यं,” एवढेच म्हणाले. चिरलेली कड सांधता येत नाही, म्हणून मी इथेच, ताईंच्या दुकानासमोरच्या या निंबाखाली राहिलो. त्या दिवशीचे कीर्तन मला ऐकायला मिळाले नाही.

मित्रांनो, घरून निघण्याआधी, टायर थंड असतानाच, पट्टी वाचून हवा मोजा. तापला म्हणून कधी काढू नका. आणि देवाचे नाव घ्याल, तेव्हा आमच्या पौर्णिमाताईंचीही एकदा आठवण करा.