उकळून शुभ्र झालेली चिंधी

मित्रांनो, मी एक जुनी चिंधी आहे. बहारीनच्या झिंज भागातल्या एका फ्लॅटच्या बाल्कनीत, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून ठेवलेली. वरच्या पिशवीवर मार्करने लिहिलंय, 'हात लावू नये'. चिंधीची एवढी भीती कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटायचं.

मी मूळची साडी. पांढरी, सुती, बारीक निळ्या काठाची. नागपूरच्या कांताबाई मला नेसून विहारात जायच्या. धुऊन धुऊन मी लोण्यासारखी मऊ झाले. त्यांच्या लेकीला, श्रावस्तीला, दिवस गेले तेव्हा त्यांनी मला कापून चार दुपटी शिवली. तान्ह्या अंगाला नवं कापड टोचतं, वापरून मऊ झालेलंच हवं, ही आपल्याकडची रीत. त्या चारांतलं एक दुपटं म्हणजे मी. श्रावस्तीच्या बॅगेत तांदळाच्या पापडांशेजारी बसून मी बहारीनला आले.

अनुष्का जन्मली आणि माझ्यातच गुंडाळली गेली. पुढे ती माझं टोक तोंडात धरल्याशिवाय झोपत नसे. श्रावस्ती मोठी जपणारी आई. दुधाच्या बाटल्या उकळायची, खेळणी उकळायची, आम्हा चौघींनाही एका पातेल्यात उकळायची. बाळाचं प्रत्येक दुखणं वहीत तारखेनिशी लिहायची.

अनुष्काचा बाबा विश्वजीत एसी दुरुस्तीच्या कंपनीत आहे. मालक हमझासाहेब. त्यांना नेमबाजीचा नाद, आणि त्याचं रीतसर लायसन्स. उडालेली काडतुसं ते टाकत नसत. रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, पुन्हा मापात आणायच्या आणि घरीच भरायच्या. त्यांच्या बुदैया गावातल्या व्हिलात एसी बघायला गेलेला विश्वजीत पुंगळ्या दाबायचं यंत्र बघत उभा राहिला.

"मेरा अंगूठा अब काम नहीं करता," हमझासाहेब म्हणाले. "तुम्हारा हाथ साफ है. करोगे?"

या माणसाच्याच सहीने बायको-मुलीचा व्हिसा झाला होता. विश्वजीत हो म्हणाला. यंत्र झिंजला आलं आणि जेवणाच्या टेबलाला स्क्रूने बसलं.

"पोलीस आले तर?" श्रावस्तीने विचारलं.

"नुसत्या पितळेला कोण पकडतं? बंदुकीची दारू नाही, गोळी नाही. भरायचं काम ते तिकडंच करतात."

दारू नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. मित्रांनो, चूक इथेच झाली. घरात जे आलं नाही त्याचीच तिला भीती होती; जे आलं त्याची नव्हती.

काम मी रोज पाहिलं, म्हणून सांगते. गोळी उडताना पुंगळी फुगते. तिला साच्यात दाबून पुन्हा मापात आणावं लागतं. त्याआधी अंगाला वंगण लावायचं. कमी लागलं तर ती साच्यात अशी अडकते की निघता निघत नाही. जास्त लागलं तर पुंगळीच्या निमुळत्या खांद्याला खळगा पडतो. विश्वजीतच्या बोटांना ते माप बरोबर कळायचं. वंगण म्हणून त्याने काय घेतलं, तर श्रावस्तीने बाळंतपणात छातीला लावायला आणलेली लॅनोलिनची डबी.

"माझी क्रीम आता बंदुकीला?"

"बाळाच्या तोंडात गेलेली चालते, म्हणजे सगळ्यात बिनधोक," तो हसून म्हणाला.

दांडा ओढला की पुंगळी दबायची आणि बुडातली, ठिणगी देणारी जळकी टोपी टप्पकन खाली पडायची. मग प्रत्येक पुंगळी कोरडी पुसायची, कारण वंगण राहिलं तर ते बंदुकीत दगा देतं. पुसायला मऊ फडकं हवं होतं. श्रावस्तीने मला दिलं. तीन दुपटी लेकीला पुरेशी होती.

हमझासाहेबांनी हातमोज्यांचा डबा पाठवला होता. "पहनना. और बच्ची को दूर रखना." पण हातमोज्यात वंगणाचा अंदाज येत नाही, म्हणून डबा तसाच राहिला.

मी काळी व्हायचे. ती काजळी निव्वळ धुराची नव्हती, तिच्यात शिसं होतं. मला तरी कुठे ठाऊक होतं? पहिले काही आठवडे श्रावस्तीने मला वेगळं धुतलं. पण उकळून निघाले की मी पांढरीशुभ्र दिसायचे. मग मीही त्याच पातेल्यात जाऊ लागले. बाकीची ओली असली की तीच मला अनुष्काच्या हातात द्यायची. अनुष्काला माझं टोक बरोबर सापडायचं.

दीड वर्षाची झाल्यावर ती चिडचिड करू लागली. जेवेना. पोट दुखून पाय दुमडून घ्यायची. अंगावर फिकटपणा आला. वहीत श्रावस्तीने लिहिलं: 'आज पाणी म्हणाली नाही. बोट दाखवलं.' आठवड्याने: 'बाबा म्हणत नाही.'

डॉक्टर ताहेरांनी रक्त तपासलं. रिपोर्ट बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "खून में लेड है. घर में सुरमा? पुराना पेंट? बैटरी का काम?"

"सुरमा नहीं... काजल है. मेरी माँ भेजती है," श्रावस्ती म्हणाली.

"आप क्या काम करते हैं?"

"एसी," विश्वजीत म्हणाला. खोटं नव्हतंच ते.

गाडीत तो म्हणाला, "बघ. तुझ्या आईचं काजळ."

 घरी येताच श्रावस्तीने काजळाची डबी कचऱ्यात टाकली. नागपूरला फोन करून तिने आईला जे सुनावलं ते मी ऐकलंय. कांताबाई एवढंच म्हणाल्या, "बरं माय. नाही पाठवत आता." महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. आकडा वाढला होता.

त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉल चालू होता. अनुष्काने टेबलावरून मला ओढलं आणि सवयीने टोक तोंडात घातलं. श्रावस्तीने लगेच हिसकावलं.

"काहून वं, ते माझं लुगडं आहे ना?" कांताबाईंनी काठ ओळखला. "एवढं काळं कायनं झालं?"

"यांच्या पुंगळ्या पुसतात ना, आई. उकळलं की सगळं निघतं."

"निघते, तं जाते कुठं?"

श्रावस्तीने पातेल्याकडे बघितलं, दोरीवरच्या तीन दुपट्यांकडे बघितलं, मग विश्वजीतच्या बोटांकडे. तो पुंगळीला वंगण लावत होता. हळूहळू त्याचा हात थांबला.

मी तपासणीला गेले. चार दुपटी, टेबल, विश्वजीतची ऑफिसची पॅन्ट, सगळ्यांत शिसं निघालं. काजळ निर्दोष होतं. श्रावस्तीने आईला फोन लावला. "आई, काजळ चांगलं होतं. मी उगाच बोलले." "राहू दे," कांताबाई म्हणाल्या. "पोरीचं बघ."

यंत्र न्यायला हमझासाहेब स्वतः आले. दारातूनच म्हणाले, "मैंने बोला था ना, ग्लव्ज़."

"बोला था," विश्वजीत म्हणाला. "गलती मेरी है. खलास, साहब."

आता औषध चालू आहे. आकडा उतरतोय. शब्दांचं काय, असं विचारल्यावर डॉक्टर ताहेरा म्हणाल्या, "देखेंगे. इंशाल्ला." श्रावस्तीने ते वहीत लिहिलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, टाकू नका. माझं मागणं वेगळं आहे. कामाची चिंधी कामालाच राहू द्या. कामाचे हात धुतल्याशिवाय बाळ उचलू नका. पांढरं दिसतं ते स्वच्छ असतं असं धरून चालू नका. आणि मला खुशाल टाका.

आज ती वेळ आली. विश्वजीतने पिशवी उचलून दाराशी आणली. अनुष्का तुरुतुरु आली. प्लास्टिकमधून तिला माझा निळा काठ दिसला. तिने हात पुढे केला, मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. चार महिन्यांपूर्वी ती 'दे' म्हणायची.

सगळे तिच्या ओठांकडे बघत थांबले. मीही थांबले.

शब्द आला नाही. मग विश्वजीतने पिशवी पाठीमागे घेतली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.