गेटवर पाटी होती

मित्रांनो, मी खराडीतल्या एका सोसायटीचं जुनं सरकतं लोखंडी गेट. वजन तीनशे किलो आणि जीभही तशीच जड, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

आजूबाजूला आयटी पार्क उभे राहू लागले, त्या साली मला बसवलं. नवी गाडी घेतलेले साहेब कौतुकाने म्हणायचे, "काय अलगद सरकतं हो!" पोरं तर मला लोंबकळून झोके घ्यायची. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग फरश्यांचा ट्रक मागे घेताना रुळाच्या टोकाचा स्टॉपर उडाला. मला अडवणारा तेवढाच वीतभर लोखंडाचा तुकडा होता. वॉचमन धोंडिबा सेक्रेटरींना म्हणाला, "साहेब, जोरात ढकललं तर गेट आडवं व्हईल. पोरं खेळत्यात हितं."

सेक्रेटरी विश्वजीतरावांनी मीटिंग बोलावली. पोरांसाठी पाटी लावायचं ठरलं. ती लाल हवी की निळी, यावर आणखी दोन मीटिंगा झाल्या! शेवटी बजरंग वेल्डरने ती माझ्या छातीवर जोडली: 'गेटवर खेळू नये. इजा झाल्यास सोसायटी जबाबदार नाही.'

"मशीन चालूच आहे, स्टॉपरपण जोडू का?" त्याने विचारलं.

"ते मीटिंगमध्ये ठरलेलं नाही," विश्वजीतराव म्हणाले.

धोंडिबाची हिरा तिसरीत होती. पाटी तिनेच बापाला वाचून दाखवली आणि त्यानंतर ती माझ्यावर एकदाही चढली नाही. गुणी पोर हो!

एका शनिवारी धोंडिबा विश्वजीतरावांच्याच घरी सिलेंडर चढवायला गेला होता. माझ्याजवळ हिरा एकटीच होती. तेवढ्यात बाहेर विश्वजीतरावांची गाडी आली. हॉर्नवर हॉर्न. "अगं, उघड की लवकर!"

हिराने अंगातलं सगळं बळ लावून मला ढकललं. मी रूळ सोडून गेलो आणि तिच्या पायावर कोसळलो. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यात जवळून मीच ऐकला.

विश्वजीतराव गाडीतून उतरले. "पाटी लावलीय ना? वाचता येत नाही?"

"येतं काका," हिरा रडत म्हणाली. "मी खेळत नव्हते."

डॉक्टरांना तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढच्या महिन्यात धोंडिबाची नोकरी गेली. अपघाताच्या वेळी तो जागेवर नव्हता, म्हणे!

मला पुन्हा रुळावर उभं केलं. आता माझ्यावर दुसरी पाटी आहे: 'वॉचमनच्या मुलांनी गेट उघडू नये.' स्टॉपरचं अजून ठरायचंय. मित्रांनो, तुमच्या गेटच्या टोकाला स्टॉपर आहे का, ते आजच मोठ्यांकडून तपासून घ्या. आणि माझ्यापासून लांब राहा. मला अजूनही थांबता येत नाही.