राणीच्या हाकेला ओ

ढाणकीजवळच्या जुन्या राजकोठीत राणीचे भूत राहते, हे गावाला घनश्यामने पटवून दिले. तो कोठीचा राखणदार. लोक सागवानी खिडक्या उचकटून नेत आणि पोलिसांना कोणी भीत नसे. म्हणून त्याने मनातल्या मनात एका गोंड राजाची धाकटी राणी मारली आणि आणून बसवली कोठीत. राणी घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारते, ओ दिली की नेते; तेव्हा लिंबू ठेवायचे आणि मागे न पाहता घर गाठायचे. चोऱ्या थांबल्या. बायको मैनाबाईलाही त्याने खरे सांगितले नाही. बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही, असे त्याचे मत होते.

एका दुपारी माडीचा जिना त्याच्यासकट खाली आला. तुळई मांड्यांवर बसली. फोन बाहेर, सायकलच्या पिशवीत. तो ओरडला तेव्हा रस्त्यावरचा ट्रॅक्टर थांबला आणि मग दुप्पट वेगाने गेला.

जेवायला आला नाही म्हणून मैनाबाई शेजारच्या सुखीबाईला घेऊन आली. चपला ओसरीपाशी थांबल्या. घनश्यामला रडूच फुटले.

"मैना! मैना, मी हाओ! पाय दबले माये!"

बाहेर चपला दोन पावले मागे सरकल्या.

"तुया मालकच वाटते वं," सुखीबाई म्हणाली.

"नोहे," मैनाबाई म्हणाली. "लग्न झाल्यापासून त्यायनं मले नावानं कधी हाक मारली काय? खुशी व्हायच्या आधी 'अवं', अन् मंग 'खुशीची माय'. हे दुसरंच हाये काही."

खरेच होते. बायकोला नावाने हाक मारणारा नवरा त्या गावात झाला नव्हता. मरायची वेळ आली तेव्हा घनश्यामच्या तोंडून ते कसे निघाले, त्यालाही कळले नाही.

"खुशीची माय!" तो किंचाळला. "अवं खुशीची माय!"

"पाह्य बाई," सुखीबाई कुजबुजली, "ऐकलं अन् शिकली लगेच!"

मग फक्त पळणाऱ्या चपला ऐकू आल्या.

तो हाका मारत राहिला. आवाज बसत गेला, चिरकत गेला. कापूस वेचून परतणाऱ्या बायकांना संध्याकाळी तो आवाज बाईचाच वाटला. त्यांनी लांबूनच हात जोडले.